औंदा मला गावकरी करा

मी गणिताचा मास्तर. इतिहास माझ्याकडे आला तो एका रिकाम्या जागेमुळे. आमच्या शाळेतले इतिहासाचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि जूनमध्ये वेळापत्रक लावताना हेडमास्तरांनी नववीचा इतिहास माझ्या नावापुढे लिहून टाकला. "तुमचे तास कमी भरतात," म्हणाले. भरत होते कमीच. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन वर्गावर गेलो.

आमचं गाव केज तालुक्यातलं, नांदूरघाटच्या बाजूचं, बाजाराचं. पेठेत आमचं किराणा दुकान आहे, लिंगायत वाण्याचं. आता धाकटा भाऊ चालवतो, संध्याकाळी मी जाऊन बसतो. पेठ संपते तिथं मुसलमान गल्ली सुरू होते. मोटारसायकली दुरुस्त करणारे, फळवाले, एक-दोन शिंपी. दोन्हीकडची मुलं आमच्याच शाळेत येतात, कारण गावात आठवीच्या पुढची दुसरी शाळा नाही. वर्गात एका बाकावर बसतात. मधल्या सुट्टीत मात्र डबे वेगवेगळ्या झाडांखाली उघडतात. हे पूर्वी नव्हतं. कधीपासून झालं ते मला सांगता येत नाही, आणि अशी गोष्ट सांगता आली नाही की मला चैन पडत नाही.

इतिहास म्हटला की आमच्या शाळेत सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन झालं की मैदानावर नाटिका होते. आधीच्या सरांनी कधीकाळी बसवलेली, दर वर्षी तीच. निजामाचे रझाकार गावात शिरतात, दुकान लुटतात, गावकरी एक होतात, पोलीस अ‍ॅक्शन होते, रझाकार मरून पडतात, सगळे उठून जयजयकार करतात. आणि दर वर्षी रझाकार होतात ती मुसलमान गल्लीतली पोरं.

यात कोणाच्या मनात काही काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. हिशोब सरळ होता. त्या पोरांना उर्दू येतं, हुकूम सोडताना ते शोभतं. शेरवानी, टोपी त्यांच्या घरात असते, भाड्यानं आणायला नको. त्यांच्या आया पेटीतली लग्नातली शेरवानी काढून, इस्त्री करून, बाह्या आत दुमडून टाके घालून पाठवत. पाहुण्यांत बसून टाळ्याही वाजवत.

ऑगस्टमध्ये मी नववीत पात्रं वाटायला उभा राहिलो. तर गॅरेजवाल्याचा मुलगा उठला. हे पोरगं गणितात वर्गात पहिलं-दुसरं असतं. उंच, आवाज खणखणीत. आधीचे सर सगळ्या शाळेतून पोरं निवडत, आणि सहावीपासून रझाकारांचा म्होरक्या तोच.

"सर, औंदा मला गावकरी करा."

"कावून रे?" मी वर्गात असं बोलत नाही. पोरं खुदकन हसली.

"तीन वर्षं झाली, मरायलोय सर."

आता सगळा वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मग सवय झाली आसंल की बे! औंदा पट्‌कन मर."

तो हसला नाही. "बारकी पोरं बी मला रझाकार म्हणत्यात, सर. रझाकार, चेंडू दे. रझाकार, हवा भर. अब्बांच्या गिऱ्हाइकासमोर."

हसणं थांबलं. मी विचारलं, मग रझाकार कोण होणार? कोणी वर बघेना. एक जण म्हणाला, आमाला उर्दू येत न्हाई सर. दुसरा म्हणाला, टोपी घातली तर घरी मारतील. मी म्हणालो, ठीक आहे, चिठ्ठ्या टाकू, सगळ्यांच्या, मुलींच्याही. म्होरक्याची चिठ्ठी निघाली ती शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातवाची. तो आधी दचकला. मग त्यानं विचारलं, "बंदूक मला मिळंल ना, सर?"

मला वाटलं, सुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीची साखळी ढिली झाली म्हणून गॅरेजवर गेलो. मुलाचा बाप माझ्यापेक्षा थोडा लहान. मी त्याला भाई म्हणतो. गाडी स्टँडवर चढवता चढवता तो म्हणाला, "दाखल्याचा अर्ज दिलाय सर, हेडमास्तरकडं."

"कोणाचा दाखला?"

"पोराचा. माजलगावला मेव्हणा हाय माझा. तिथं ठेवतो. तिथं आपल्या लोकांत राहील, शाळा बी जवळ हाय."

मी म्हणालो, दहावी एका वर्षावर आली, पोरगं हुशार आहे, इथंच होऊ द्या. तो साखळी ताणत राहिला.

"तुमाला वाटतं नाटकापायी. नाटकापायी न्हाई, सर. नाटक एक दिवसाचं. पण ते मोबाईलमधी राहतंय ना. गेल्या साली कुणीतरी काढलं, त्याच्या मरण्याचं. ते अजून फिरतंय. एक जण गाडी घेऊन आलता इथं, मला म्हणतो, तुझं पोरगं बरं मारलं. हसत म्हणला. मी बी हसलो. गिऱ्हाईक हाय."

"यंदा तो गावकरी आहे," मी सांगितलं.

त्यानं हात पुसले. "करून बघा. तुमच्या हातात हाय का ते?"

हे विचारताना त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी घरी आलो, जेवायला बसलो आणि भाकरी तशीच हातात धरून राहिलो. बायको म्हणाली, "अहो, खाता का बघताय नुस्तं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "दाखला न्यायचा तर नेऊ द्या ना. कशाला त्या नाटकाच्या नादी लागताय? गणित शिकवा." हेडमास्तरही पुढं दोनदा हेच म्हणाले. पण मला एकच दिसत होतं. या पोराला मैदानावर नुसतं गावकरी म्हणून उभं राहता आलं नाही, तर तो माजलगावला जाणार. आणि त्यानंतर वर्गात उरलेली त्याच्या गल्लीतली सहा पोरंही एकेक करून कुठंतरी आपल्या लोकांत जाणार. मग आमच्या शाळेत इतिहास शिकवायला काहीच अडचण राहणार नाही.

दोन दिवसांनी अध्यक्ष दुकानावर आले. पायरीवर बसले, पाणी प्यायले.

"सर, आमच्या घरचं पोरगं रझाकार?"

"चिठ्ठी निघाली, अण्णा."

"मग परत टाका चिठ्ठी."

"परत टाकली तर ती चिठ्ठी राहत नाही."

ते माझ्या भावाकडे बघून हसले. "मास्तर पक्का हाय तुझा." मग माझ्याकडे वळले. "आवो, आमच्या घराची रीत न्हाई ती. पोलीस अ‍ॅक्शन झाली, रझाकार पळाले, अन् लोकांनी सगळा राग इथल्या गरीब मुसलमानांवर काढला. त्या टायमाला माझ्या वडलांनी मुसलमानाचं कुटुंब पेवात लपविलं होतं. धान्याच्या पेवात, आमच्या अंगणात. ते दाखवा की नाटकात! तुमाला एकोपा पाह्यजे ना? मग यापरीस चांगलं काय हाय?"

मला ते फार आवडलं. पुस्तकात पोलीस अ‍ॅक्शनपाशी प्रकरण संपतं. पुढचे दिवस त्यात नाहीत. इथं ते दिवस होते, चांगुलपणा होता, आणि आमच्याच गावातला होता. दोन दिवस मी खूश होतो. प्रवेशही लिहून काढला. पेवाचं झाकण, वर बसलेली म्हातारी, दारात ओरडणारा जमाव.

पण गणिताच्या मास्तराला ताळा केल्याशिवाय उत्तर खाली रेघ मारून लिहिता येत नाही. मी वर्गाला सांगितलं, घरी विचारून या. रझाकारांच्या वेळी आपल्या घराचं काय झालं? आणि त्यानंतर काय झालं? गोड करून आणू नका. जे सांगतील ते आणा.

सोमवारी मी फळ्यावर नुसत्या रेघा ओढायला सुरुवात केली. ज्यांच्या घरानं मुसलमानांना लपवलं त्यांनी हात वर करा. एकवीस हात. त्यातली बारा पेवं, बाकीची माळवदं, गोठे, आणि एक देवघर. मी विचारलं, त्या वेळी गावात मुसलमानांची घरं किती होती? गल्लीतल्या पोरांनी आणि पेठेतल्या पोरांनी आपापल्या म्हाताऱ्यांकडून आणलेला आकडा जुळला. नऊ. मग मी गल्लीतल्या सात पोरांना विचारलं, तुमच्यापैकी किती घरांना कोणी लपवलं होतं? दोन हात.

वर्गात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांचा नातू उठून म्हणाला, "सर, आमचं पेव खरंय. अजून हाय, बुजवलेलं." लगेच चौघं उठले. आमचं बी हाय. आमचं बी.

मी उलट्या बाजूनं विचारलं. रझाकारांचा त्रास झाला अशी घरं किती? जवळपास सगळे हात वर. गल्लीतल्या पोरांना विचारलं, तुमच्या घरातलं कोणी रझाकार होतं का? एकही हात नाही. उलट पाच जणांच्या पणजोबांनी रात्रीतून पेठेत येऊन, सावध राहा, उद्या येणार आहेत, असं सांगितलं होतं. मग रझाकार होते कुठले? "भायेरचे," गल्लीतली पोरं म्हणाली. आणि मुसलमानांच्या घरांवर चालून गेलेला जमाव कुठला? "भायेरचा," पेठेतली पोरं म्हणाली.

पहिल्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे बघत होती. ती सावकाश म्हणाली, "सर, मग आपल्या गावात वाईट कुणीच नव्हतं?"

कोणीतरी हसलं, पण एकटंच. तास संपल्याची घंटा झाली. मी फळा न पुसताच बाहेर पडलो.

घरी आलो तर हेच चाललेलं. आईला मुलांकडून कळलं होतं. ती म्हणाली, "तुज्या आज्याचं दुकान लुटलं, ते सांगितलंस का पोरांना? का नुस्तं त्यांचंच सांगतोस?" मी म्हणालो, सांगितलं. पण हेही खरं की आमच्या घरात ती लूट मी लहानपणापासून ऐकतोय आणि पोती वाढताहेत. आजोबा सांगायचे तेव्हा तुरीची आठ पोती होती. काका सांगायला लागले तेव्हा वीस झाली, वर गुळाच्या ढेपा आल्या. परवा माझ्या पुतण्यानं सांगितली तेव्हा चाळीस. त्या दुकानाच्या माळ्यावर चाळीस पोती बसत नाहीत, मी मोजमाप घेतलेलं आहे. लूट झाली हे खरं. पोती खरी नाहीत. आईला हे पटलं नाही. ती म्हणाली, "तुला आपल्या माणसाचं बी खरं वाटत न्हाई." आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

पेवाचा प्रवेश मी काढून टाकला. अध्यक्षांना सांगायला त्यांच्या घरी गेलो.

"बाकीचे खोटं बोलत्यात," ते म्हणाले.

"तेही तुमच्याबद्दल असंच म्हणतात, अण्णा."

"म्हंजे माझा बाप खोटा?"

"तसं मी म्हटलेलं नाही. कोणीतरी नक्की लपवलं. गल्लीतली दोन घरं सांगतात की त्यांना लपवलं. पण एकवीस घरांनी लपवलं असं मी मैदानावर दाखवणार नाही, आणि एकाचंच दाखवलं तर वीस घरं माझ्या दारात येतील."

त्यांनी मला चहा विचारला नाही. बाहेर पडताना नातू ओट्यावर लाकडी बंदुकीला काळा रंग देत बसला होता. त्याला काही फरक पडलेला दिसला नाही.

आता नाटिकेचा शेवटच नव्हता. मला वर्गात बसवेना, दुकानात बसवेना. साखळी ठीक होती तरी गॅरेजवर गेलो. भाईनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्टूल पुढं सरकवलं.

मी विचारलं, "तुमच्या पोरानं हात वर केला नव्हता. तुम्हाला कोणी लपवलं नाही का?"

"न्हाई."

"मग?"

"माझी दादी सांगायची. बाजरीच्या रानात बसली होती. औंदासारखीच, डोक्याच्या वर गेलेली बाजरी. दादी, तिची सासू, दोन लेकरं. कुणाचं रान तेबी म्हाईत न्हाई, पळताना कोण बघतंय. सकाळी रानाचा मालक आला. हिंदूच आसंल, जमीन त्यांचीच व्हती तिकडं. उभ्या बाजरीची दोन ताटं बाजूला सारली अन् समोर ही माणसं. लेकरू रडायच्या बेतात. त्यानं बघितलं. उभा राहिला. मग ताटं सोडली अन् गेला. बास."

"कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर मी आज तुमची साखळी ताणत बसलो असतो का?" तो पहिल्यांदा हसला. "पण पाणी बी दिलं न्हाई त्यानं. भाकर न्हाई, शब्द न्हाई. आता तुमीच सांगा सर, तुमचं गणित पक्कं हाय. त्यानं लपवलं म्हणायचं का न्हाई म्हणायचं? फळ्यावर रेघ कुठं वढायची?"

मी म्हणालो, मला येत नाही.

त्याचा मुलगा आत ट्यूबचं पंक्चर बघत होता. पाण्याच्या घमेल्यातून ट्यूब फिरवता फिरवता तो म्हणाला, "सर, मला त्यो शेतकरी करा."

"कोणता?"

"बाजरीवाला. गावकरीच हाय ना त्यो?"

बापानं त्याच्याकडे पाहिलं. मग पाना उचलला. गाडी घेऊन निघालो आणि अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की मी हो म्हणायचं विसरलो. परत जाऊन हो म्हणून आलो.

हेडमास्तर घाबरले होते. एक अट घातली, कोणाच्या घराचं नाव येता कामा नये. ते सोपं होतं, त्या शेतकऱ्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. तालमी सुरू झाल्या. अध्यक्षांच्या नातवाला उर्दू हुकूम जमेनात. तो हात-पाय आपटायचा पण आवाज म्हैस हाकल्यासारखा निघायचा. गॅरेजवाल्याचं पोरगं कपाळाला हात लावायचं. "अबे, ओरडू नको. साहेब कधी ओरडत न्हाई. हळू बोल, म्हंजे लोक घाबरतेत." तीन वर्षांचा अनुभव होता. त्यानं त्याला उभं राहायला शिकवलं, खांदे टाकायला शिकवलं. मधल्या सुट्टीत दोघं लिंबाखाली तालीम करायचे. डबे मात्र उघडले ते आपापल्या झाडांखालीच. हे मी मुद्दाम बघितलं होतं, म्हणून लिहितो.

सतराला झेंडा झाला. समोरच्या खुर्च्यांवर अध्यक्ष बसले, हाताची घडी घालून. नातू शेरवानीत बाहेर आला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पण पोरानं हुकूम इतक्या हळू आवाजात सोडला की खुर्च्यांत शांतता झाली, आणि मग त्यांना बघावंच लागलं. दुकान लुटलं गेलं. मी पोती आठच ठेवली होती. आईही आली होती. तिनं मोजली असणार.

मग शेवटचा प्रवेश. पोरांनी घरोघरून बाजरीची हिरवी ताटं आणली होती, ती हातात धरून दहा जण ओळीनं उभे होते, आणि त्यांच्या मागं दोन मुली आणि दोन बारकी पोरं बसलेली. गॅरेजवाल्याचं पोरगं धोतर नेसून, खांद्यावर घोंगडं टाकून आलं. डोक्यावर फेटा होता, पेठेतल्या एका पोराच्या आजोबांचा. ताटं बाजूला सारली. समोर ती चौघं. आता त्यानं बघायचं, क्षणभर थांबायचं आणि वळून जायचं. तालमीत हे दर वेळी नीट झालं होतं.

तो गेला नाही.

उभाच राहिला. ताटं धरलेले हात दुखायला लागले, शेंडे हलायला लागले. बाजरीतून आवाज आला, "जा की बे!" पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. मी माइकजवळ होतो. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं संवाद विसरला, पण त्याला संवादच नव्हता. मैदानावर लोक खुर्च्यांत हलायला लागले. मागून एक बाई म्हणाली, "आरं, पाणी तरी दे त्यांना!" दुसरं कोणीतरी म्हणालं, "काय करतोय त्यो?" मी फाटकाकडे पाहिलं. भाई तिथं उभा होता, आत आला नव्हता. त्याचा हात फाटकाच्या गजावर होता.

मग पोरानं ताटं हळूच, एकेक करून सोडली. जशी होती तशी उभी केली. आणि वळून गेला.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. वाजल्या त्याही सगळ्या बाजूंनी नाही. अध्यक्ष उठले, नातवाचा हात धरला आणि माझ्याशी न बोलता निघून गेले. त्यांना काय वाटलं ते मला आजही माहीत नाही. एक जण मला येऊन म्हणाला, "सर, जयजयकार राहिलाच की." खरंच राहिला होता. आईनं घरी गेल्यावर एवढंच विचारलं, "त्यो रानवाला कोण गं, आपल्यातला व्हता का?" बायकोला विचारलं, मला नाही.

मैदान मोकळं झाल्यावर मी फाटकापाशी गेलो.

"इतका येळ उभा राहिला आसंल का त्यो?" भाईनं विचारलं.

"माहीत नाही. तुमची दादी काय म्हणायची?"

"म्हणायची, लई येळ. पण घाबरलेल्या माणसाला येळ लईच वाटतो." मग म्हणाला, "पोराला म्हणलं, कावून थांबला बे? तर म्हणतो, अब्बा, जाऊ वाटंना."

मी दाखल्याचं विचारलं. हेडमास्तरांकडचा अर्ज रद्द करायला सांगू का?

तो रस्त्याकडे बघत राहिला. "राहू द्या सर तिथंच. फाडू नका, अन् देऊ बी नका."

त्यानंतर इतिहास माझ्याकडून काढून घेतला. मराठीच्या बाईंकडे गेला. कारण वेळापत्रकाचं सांगितलं, आणि मी तास मोजून पाहिले तर ते जुळतही होतं. पोरगं आता दहावीत आहे. अर्ज हेडमास्तरांच्या कपाटात तसाच आहे. पहिला तास माझा असतो. हजेरी घेताना त्याच्या नावाच्या आधीचं नाव वाचलं की मी जरा थांबतो. आजपर्यंत रोज "हजर" ऐकू आलं आहे.

ऑगस्ट लागला आहे. परवा व्हरांड्यातून जाताना नववीच्या वर्गातून बाईंचा आवाज आला. नाटिकेची पात्रं वाटणं चाललं होतं. "उर्दू कोणाकोणाला येतं?" त्यांनी विचारलं.

मी दाराजवळ थांबलो. आत जावं की नाही ते ठरेना. कोणाकोणाचे हात वर झाले ते मला दारातून दिसत नव्हतं. आणि मग मी आत गेलो.